भूमीचा अभ्यासक अल-बेरूनी

मध्य आशियात अमुदर्या नावाची मोठी नदी आहे. अरब लोक तिला जैहून म्हणत. हजार वर्षांपूर्वी या नदीच्या काठी ख्वारिझम नावाचे राज्य होते व काथ हे त्याच्या राजधानीचे शहर होते. काथला नदीच्या बाजूला माती-विटांचा एक जुना, भव्य किल्ला होता. कित्येक मैलांवरून तो दिसत असे. पण नदी दरवर्षी त्याचा थोडा थोडा भाग कापून नेत होती. आज एक बुरूज ढासळे, तर पुढच्या वर्षी एक भिंत. अखेर इ. स. 994 मध्ये त्याचा उरलासुरला भागही पाण्यात गेला.

गावातल्या लोकांनी हळहळ व्यक्त केली असेल आणि ते आपापल्या कामाला लागले असतील. एका तरुणाने मात्र किल्ला नाहीसा झाल्याचे वर्ष लक्षात ठेवले आणि पुढे आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. त्या वेळी हा तरुण एकवीस वर्षांचा होता. त्याचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद. जग त्याला अल-बेरूनी या नावाने ओळखते.

अल-बेरूनी यांचा जन्म इ. स. 973 च्या सप्टेंबर महिन्यात झाला. उर्दूतला बैरून हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. त्याचा अर्थ बाहेर. अल-बेरूनी शहराच्या बाहेरच्या वस्तीतले, म्हणून त्यांना हे नाव मिळाले. त्यांचे जन्मस्थान आज उझबेकिस्तान या देशात आहे व तेथील गावाला आता त्यांचेच नाव दिलेले आहे.

लहानपणापासून त्यांना प्रत्येक गोष्टीचे कुतूहल होते. एकदा त्यांच्या गावी एक ग्रीक माणूस आला. बाल अबू रैहान त्याच्याकडे धान्ये, बिया, फळे, झाडपाला असे काही ना काही घेऊन जाई. तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, असे विचारी व उत्तर लिहून ठेवी. पुढे अबू नस्र मन्सूर यांच्यासारखे गणिताचे मोठे पंडित त्यांना गुरू म्हणून लाभले. अवघ्या सतराव्या वर्षी अल-बेरूनी यांनी अंशांच्या खुणा असलेल्या एका कड्याने दुपारच्या सूर्याची उंची मोजली आणि तिच्यावरून काथचे अक्षांश काढले.

त्यानंतर त्यांनी एक मोठे काम हाती घेतले. सुमारे दहा हात व्यासाचा एक अर्धगोल त्यांनी बनवला. व्यापारी व प्रवासी यांच्याकडून ते गावांची अंतरे आणि दिशा विचारून घेत, हिशेब करीत व ते गाव अर्धगोलावर योग्य जागी मांडीत. दोन प्रवाशांची माहिती जुळली नाही, तर पुन्हा चौकशी करीत. असा पृथ्वीचा नकाशा तयार होत असतानाच इ. स. 995 मध्ये ख्वारिझममध्ये यादवी युद्ध पेटले. राजा मारला गेला. अल-बेरूनी यांना जीव वाचवण्यासाठी देश सोडावा लागला. तो अर्धगोल मागेच राहिला आणि नष्ट झाला.

यानंतरची काही वर्षे हालअपेष्टांची होती. फिरत फिरत ते इराणमधील रय या शहरी गेले. तेथे एका पंडिताशी त्यांचा शास्त्रीय विषयावर वाद झाला. त्या पंडिताने त्यांचे म्हणणे तपासून पाहण्याऐवजी त्यांच्या गरिबीवरून त्यांना हिणवले. पुढे अल-बेरूनी यांचे दिवस पालटले, तेव्हा तोच पंडित त्यांच्याशी मोठ्या स्नेहाने वागू लागला! अल-बेरूनी यांनी ही गोष्ट लिहून ठेवली आहे.

दारिद्र्यातही त्यांचे निरीक्षण थांबले नाही. इ. स. 997 च्या मे महिन्यात चंद्रग्रहण होते. अल-बेरूनी यांनी बगदादच्या अबुल वफा या विख्यात गणितज्ञांशी आधीच ठरवून ठेवले होते. ग्रहण अबुल वफांनी बगदादला पाहायचे आणि अल-बेरूनी यांनी काथला, आणि दोघांनी आपापल्या गावची वेळ नोंदवायची. चंद्राला ग्रहण लागण्याचा क्षण सर्वांना एकच असतो, पण प्रत्येक गावची स्थानिक वेळ वेगळी असते. दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा सुमारे एका तासाचा फरक आढळला. पृथ्वी एका तासात 15 अंश फिरते. म्हणजे दोन शहरांच्या रेखांशांत साधारण तेवढेच अंतर असले पाहिजे. त्या काळी तारायंत्र नव्हते, दूरध्वनी नव्हता. दोन गावांतील लांबी मोजण्यासाठी या दोघांनी चंद्राचाच उपयोग केला.

इ. स. 1000 च्या सुमारास अल-बेरूनी यांना जुर्जान येथील राजाचा आश्रय मिळाला. तेथे त्यांनी निरनिराळ्या लोकांच्या कालगणनेवर 'आसारुल बाकिया' हा ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथात मध्येच पाण्याचाही विचार आला आहे. काही झरे उंच जागी फुटतात, काही विहिरींतून पाणी आपोआप वर उसळते. पाणी तर नेहमी खाली वाहते, मग ते वर कसे चढते? अल-बेरूनी यांनी दाखवून दिले की यात चमत्कार काही नाही. एखादी वाकडी नळी घेऊन तिच्या एका टोकातून पाणी ओतले, तर दुसऱ्या टोकातही ते तितक्याच उंचीपर्यंत चढते. तसेच, ज्या साठ्यातून झऱ्याला पाणी येते तो साठा जर झऱ्याच्या तोंडापेक्षा उंचावर असेल, तर पाणी वर येणारच. आजही भूजलाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ विहिरीतले पाणी का चढले, हे याच नियमाने सांगतात.

ते काही वर्षांनी ख्वारिझमला परतले. नव्या राजाच्या दरबारी त्यांना मानाचे स्थान मिळाले. पण हे स्वास्थ्यही टिकले नाही. इ. स. 1017 मध्ये गझनीच्या सुलतान महमूदने ख्वारिझम जिंकले आणि तेथील विद्वानांना आपल्याबरोबर गझनीला नेले. त्यांत अल-बेरूनीही होते. जायचे की नाही, हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते.

दुसऱ्याच वर्षी, इ. स. 1018 च्या ऑक्टोबरमध्ये, ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. आपण तेव्हा फार मोठ्या संकटात होतो, असे त्यांनी लिहिले आहे. जवळ एकही उपकरण नव्हते. तरीही त्या गावाचे अक्षांश काढायचेच, असे त्यांनी ठरवले. हिशेब करायची एक पाटी त्यांच्याजवळ होती. तिच्या पाठीवर त्यांनी वर्तुळाचा कंस काढला, त्यावर अंशांच्या खुणा केल्या आणि गवंडी वापरतात तसा ओळंबा तिला बांधला. झाले उपकरण तयार! त्या पाटीने त्यांनी सूर्याची उंची मोजली. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा ही पाटीच त्यांची खरी ओळख करून देते.

गझनीच्या लोकांना नमाजासाठी मक्केची अचूक दिशा हवी होती. ती काढायची तर गझनी आणि मक्का या दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश माहीत हवेत. यासाठी अल-बेरूनी यांनी बगदादपासून गझनीपर्यंत एकेका शहराची साखळी धरून मोजणी केली आणि इ. स. 1025 मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ पुरा केला. परंतु शहरांच्या जागा मोजता मोजता त्यांच्या मनात एक वेगळाच प्रश्न आला. आज जेथे शहर आहे, तेथे पूर्वी काय होते?

त्यांनी लिहिले आहे की अरबस्तानचे वाळवंट एके काळी समुद्राखाली होते. याला पुरावा काय? त्या भागात विहिरी आणि तळी खणताना मातीचे, वाळूचे आणि गोट्यांचे थरावर थर लागतात. खोलातून निघालेले काही दगड फोडले, तर त्यांच्या आत शिंपले, कवड्या आणि माशांचे अवशेष सापडतात. वाळवंटात मासा कोठून येणार? शिंपला दगडात शिरला कसा? तेव्हा जमीन व समुद्र यांनी आपापल्या जागा बदलल्या, हाच एक उलगडा त्यांना पटला. जुर्जान आणि ख्वारिझम यांच्यामधल्या वाळूतही त्यांना अशाच खुणा दिसल्या होत्या. त्यावरून जैहून नदीने आपला मार्ग अनेकदा बदलला असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. दगडात सापडणाऱ्या अशा अवशेषांना आज आपण जीवाश्म म्हणतो. काथचा किल्ला नदीने खाल्ला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. एका माणसाच्या आयुष्यात नदी एवढे करते, तर हजारो वर्षांत ती काय करणार नाही?

महमूदच्या हिंदुस्थानवर स्वाऱ्या चालू होत्या. त्यामुळे पंजाबचा मुलूख अल-बेरूनी यांच्यासाठी खुला झाला. पण ज्यांच्या देशावर आपला राजा स्वाऱ्या करतो, त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसणे सोपे नव्हते. या स्वाऱ्यांनी देशाची धूळधाण केली आणि पंडित दूर काश्मीर व बनारसकडे निघून गेले, हे अल-बेरूनी यांनी आपल्या ग्रंथात स्पष्टपणे नोंदवले आहे. सुलतानाच्या राज्यात राहून असे लिहायला धैर्य लागते.

वयाच्या पंचेचाळिशीनंतर ते संस्कृत शिकू लागले. पंडितांच्या तोंडून ऐकलेला शब्द ते अरबी लिपीत फार काळजीपूर्वक लिहून घेत. पण तोच शब्द पुन्हा वाचून दाखवला, की पंडितांना तो ओळखूसुद्धा येत नसे! मराठीतला ळ किंवा ण म्हणताना ज्यांची जीभ अडखळते, त्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. पैसे खर्च करून ते दूरदूरहून पोथ्या मिळवीत. हळूहळू त्यांनी ब्रह्मगुप्त व वराहमिहिर यांचे ग्रंथ अभ्यासले आणि पतंजलीच्या योगावरील ग्रंथ अरबीत आणला.

पंजाबात झेलम नदीच्या परिसरात नंदना नावाचा डोंगरी किल्ला आहे. आज तो पाकिस्तानात आहे. त्याच्या एका बाजूला डोंगर आणि दुसरीकडे दूरवर पसरलेले सपाट मैदान आहे. ही जागा पाहताच अल-बेरूनी यांना आपले जुने स्वप्न आठवले. पृथ्वी केवढी आहे, हे त्यांना मोजायचे होते. खलिफा मामूनच्या काळी, म्हणजे नवव्या शतकात, विद्वानांनी वाळवंटात उत्तर-दक्षिण रेषेवर चालत जाऊन एका अंशाची लांबी मोजली होती. अल-बेरूनी यांनीही तरुणपणी जुर्जानजवळच्या मैदानात तसा प्रयत्न केला होता. पण त्याला माणसे लागतात, पैसा लागतो. तेव्हा मदत करणारे कोणीच पुढे आले नाही व बेत सोडून द्यावा लागला.

नंदनाला मात्र चालत जाण्याची गरज नव्हती. त्यांनी प्रथम मैदानातून दोन ठिकाणी कोन घेऊन डोंगराची उंची काढली. ती सुमारे 652 हात भरली. मग ते माथ्यावर चढले आणि जेथे जमीन व आकाश मिळतात त्या क्षितिजाकडे त्यांनी आपले उपकरण रोखले. पृथ्वी सपाट असती, तर क्षितिज डोळ्यांच्या पातळीवरच दिसले असते. पण पृथ्वी गोल असल्यामुळे उंचावरून पाहिले, की ते किंचित खाली झुकलेले दिसते. हा झुकाव त्यांनी मोजला. तो एका अंशाचे 60 भाग केले, तर त्यांतले फक्त 34 भाग होता. डोंगराची उंची आणि हा एवढासा कोन, एवढ्यावर त्यांनी भूमितीने पृथ्वीची त्रिज्या काढली. ही कल्पना आपल्या आधीही एका पंडिताला सुचली होती, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आहे.

त्यांच्या उत्तराप्रमाणे एका अंशाची लांबी सुमारे 56 अरबी मैल होते. त्या काळच्या हाताचे नेहमीचे माप धरले, तर त्यावरून येणारी त्रिज्या आजच्या 6,371 किलोमीटर या आकड्याच्या फार जवळ जाते. काही लोक यावरून अल-बेरूनी यांनी पृथ्वी अगदी बिनचूक मोजली, असे मोठ्या अभिमानाने सांगतात. खरे तर कोनात एका भागाची चूक झाली, तरी त्रिज्येत सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि हवेमुळे क्षितिज थोडे वर उचललेले दिसते ते वेगळेच. म्हणजे उत्तर इतके जवळ येण्यात थोडा योगायोगही होता. स्वतः अल-बेरूनी यांनी तर आपले उत्तर मामूनच्या विद्वानांच्या उत्तराशी ताडून पाहिले आणि त्यांची उपकरणे अधिक चांगली होती, त्यांनी अधिक कष्ट घेतले होते, म्हणून त्यांचाच आकडा घ्यावा, असे सुचवले. पद्धत मात्र पक्की होती, आणि एकट्या माणसाला करता येण्याजोगी होती.

इ. स. 1030 च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. 'किताबुल हिंद' या नावाने तो ओळखला जातो. त्यात धर्म, चालीरीती, गणित, ज्योतिष यांबरोबर देशाचे वर्णनही आहे. उत्तरेकडच्या मैदानाविषयी त्यांनी लिहिलेले वाचले, की आपण थक्क होतो. जमिनीत कितीही खोल खणले तरी गोल गुळगुळीत दगड सापडतात, हे त्यांनी पाहिले. पर्वताजवळ, जेथे नद्यांना जोर असतो, तेथे हे दगड मोठे असतात. पर्वतापासून दूर जावे तसे ते लहान होत जातात. आणि जेथे नद्या संथ होतात, समुद्राजवळ येतात, तेथे त्यांची वाळू झालेली असते. यावरून त्यांनी अनुमान काढले, की हा सगळा प्रदेश पूर्वी समुद्र असावा व नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरून निघाला असावा.

आजचे भूशास्त्रज्ञ हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रीतीने सांगतात. हिमालय वर उचलला जात असताना त्याच्या पायथ्याशी एक लांबलचक खोलगट पट्टा तयार झाला. सुरुवातीला त्याच्या काही भागांत समुद्राचे पाणी होते. पुढे लक्षावधी वर्षे नद्या त्यात गाळ टाकीत राहिल्या. काही ठिकाणी हा गाळ हजारो मीटर जाडीचा आहे. अल-बेरूनी यांच्याजवळ ना खोल खणणारी यंत्रे होती, ना प्रयोगशाळा. ओंजळीतले गोटे पाहून त्यांनी एवढे ओळखले.

या ग्रंथात आपल्या भागाचाही उल्लेख आहे. धार नगरीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गावर मरहट्ट देश लागतो आणि पुढे कोकण, ज्याची राजधानी समुद्रकाठचे ठाणे, असे त्यांनी अंतरांसह लिहिले आहे. ठाण्याला राहणाऱ्या मुलांनी आपल्या गावाचे नाव हजार वर्षांपूर्वीच्या अरबी ग्रंथात आहे, हे जरूर सांगावे. अल-बेरूनी स्वतः मात्र कधी कोकणात आले नाहीत. ही माहिती त्यांनी इतरांना विचारून घेतली, आणि ती घेताना ते सावध होते. या देशात बैलावर लादायचे ओझेच इतके मोठे धरतात, की ते सगळे पोचवायला तांड्याला त्याच वाटेने अनेक दिवस ये-जा करावी लागते, आणि ते सगळे दिवस मोजून लोक अंतर सांगतात, अशी त्यांची तक्रार होती! म्हणून एकाचे ऐकून दुसऱ्याशी ताडून पाहावे लागे. लाहोर, पेशावर, सियालकोट, मुलतान, नंदना अशा ज्या ठिकाणांचे अक्षांश त्यांनी स्वतः मोजले, त्यांची त्यांनी यादी दिली आहे, आणि या ठिकाणांच्या पलीकडे आपण गेलेलो नाही, हेही सांगून टाकले आहे.

महमूदच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा मसूद गादीवर आला. त्याच्या नावाने अल-बेरूनी यांनी खगोलशास्त्रावर फार मोठा ग्रंथ लिहिला. सुलतानाने खूश होऊन हत्तीवर लादून चांदी पाठवली व अल-बेरूनी यांनी गरज नाही म्हणून ती परत केली, अशी एक कथा सांगतात.

उतारवयात त्यांनी रत्ने आणि धातू यांचा अभ्यास केला. गझनीच्या खजिन्यात हिरे-माणकांना तोटा नव्हता. पण अल-बेरूनी यांना त्यांच्या किमतीपेक्षा वजनात रस होता. त्यांनी पाण्याने भरलेले एक निमुळते भांडे तयार केले. त्याला बाजूने एक बारीक नळी होती. भांड्यात दगड टाकला, की त्याच्या आकाराएवढेच पाणी नळीवाटे बाहेर पडे. ते पाणी तराजूत घालून तोलायचे आणि दगडाच्या वजनाशी तुलना करायची. पाणी नळीत चिकटून राहू नये म्हणून त्यांनी ते भांडे पुन्हा पुन्हा सुधारले. खरे रत्न आणि रंगीत काच यांतला फरक या भांड्याने कळे. त्यांनी काढलेले कित्येक आकडे आजच्या आकड्यांशी जवळजवळ जुळतात.

त्या काळी एक समजूत फार पसरलेली होती. साप पाचूकडे, म्हणजे उर्दूतल्या जुमुर्रदकडे, पाहू लागला, की त्याचे डोळे वितळतात. हे मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलेले होते. अल-बेरूनी यांनी एक साप मिळवला. त्याच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू पसरले, त्याच्या डोळ्यांसमोर पाचूंची सर हलवली. थंडीत आणि उन्हाळ्यात मिळून नऊ महिने हा प्रयोग चालला. सापाचे डोळे होते तसेच राहिले. नजर थोडी तीक्ष्णच झाली असेल तर कोण जाणे, असा शेराही त्यांनी मारला आहे.

त्यांची स्वतःची दृष्टी आणि कान मात्र आता मंद झाले होते. तरी त्यांनी औषधी वनस्पतींवर अखेरचा ग्रंथ लिहायला घेतला, आणि एकेका वनस्पतीची अनेक भाषांतली नावे गोळा केली. लहानपणी ग्रीक माणसाला विचारून लिहून ठेवायची सवय सुटली नव्हती. तोवर त्यांचे शंभराहून अधिक ग्रंथ लिहून झाले होते.

इ. स. 1050 च्या सुमारास, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, गझनी येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या शेवटच्या दिवसाची एक हकिकत जुन्या चरित्रग्रंथात आहे. एक कायदेपंडित त्यांच्या भेटीला आले होते. अल-बेरूनी यांचा श्वास लागला होता. तशा स्थितीत त्यांनी वारसाहक्काच्या हिशेबातला एक जुना प्रश्न काढला. या अवस्थेत हे कशाला, असे पाहुण्यांना वाटले. पण हा प्रश्न न समजता जाण्यापेक्षा समजून घेऊन गेलेले बरे, असे अल-बेरूनी यांचे म्हणणे पडले. तेव्हा पाहुण्यांनी तो समजावून सांगितला. अल-बेरूनी यांनी तो नीट ऐकला, पुन्हा म्हणून दाखवला आणि पाठ केला. पाहुणे निरोप घेऊन निघाले. ते अजून रस्त्यातच होते, तोच घरातून रडण्याचा आवाज आला.